हुनर हातात, कागद कुठे? खांदा कॉलनीतला एक दिवस

हार्बर लाइनने पनवेलला जाताना मानसरोवर मागे पडले की खांदेश्वर येते. पनवेलच्या आधीचे हे शेवटचे स्थानक. जवळच खांदेश्वराचे जुने देऊळ आणि तलाव आहे, त्यावरून स्थानकाला हे नाव मिळाले. पोस्टाच्या पत्त्यात या वस्तीला नवीन पनवेल (पश्चिम) म्हणतात, पण रिक्षावाल्यापासून भाजीवालीपर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच नाव आहे, खांदा कॉलनी. मूळचे खांदा गाव, त्याच्या भोवती सिडकोने आखलेले सेक्टर, तीन-चार मजली इमारती, बैठी घरे, आणि आता त्यांच्यामध्ये उभे राहिलेले उंच टॉवर. सिडकोची स्थापना १९७० ची. ठाणे, पनवेल आणि उरण तालुक्यांतल्या ९५ गावांच्या जमिनींवर हे नवे शहर वसले. शेती गेली, मिठागरे गेली, त्यांच्या जागी सिमेंट आणि लोखंड आले.

जानेवारीतल्या एका शनिवारी, सकाळची शाळा सुटल्यावर, मी इथे आले होते. रमजानला अजून महिनाभर होता. स्थानकाबाहेर पडल्यावर पहिल्यांदा कानावर येतो तो ग्राइंडरचा आवाज. कुठे बाल्कनीला जाळी बसते आहे, कुठे सोसायटीचे सरकते गेट दुरुस्त होते आहे, कुठे गच्चीवर पत्र्याची शेड उभी राहते आहे. दोन इमारतींमधून निळसर उजेड लखलखतो आणि विझतो. डोक्यावरून विमान जाते. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला झाले आणि २५ डिसेंबरपासून तिथून विमाने उडू लागली. पोरे अजून मान वर करून पाहतात.

या परिसरात लोखंडाला तोटा नाही. कॉलनीच्या एका अंगाला कळंबोली आहे. मुंबईतल्या गर्दीतून हलवून वसवलेला तिथला लोखंड बाजार राज्यातल्या मोठ्या बाजारांपैकी एक आहे. अँगल, चॅनेल, पत्रा, पाइप, सळई, जे हवे ते तिथे ट्रकने येते आणि ट्रकने जाते. थोडे पुढे तळोजा एमआयडीसी, दुसऱ्या दिशेला रसायनी आणि पाताळगंगा, खाडीकडे उरण, तिथे ओएनजीसीचा प्रकल्प आणि १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर. पेणजवळ डोलवीला पोलादाचा मोठा कारखाना. १२ जानेवारी २०२४ ला खुला झालेला शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू २१.८ किलोमीटर लांबीचा आहे, आणि समुद्रावरच्या त्याच्या लांब गाळ्यांवर काँक्रीटऐवजी पोलादी डेक आहेत. असा डेक म्हणजे पट्ट्यांना पट्ट्या जोडत नेलेले हजारो सांधे. रासायनिक कारखान्यातली पाइपलाइन असो, बंदरातली क्रेन असो की विमानतळाचे छत असो, माणसाने हातात होल्डर धरल्याशिवाय त्यातले काही उभे राहत नाही.

मग आपल्या मोहल्ल्यातला वेल्डर पोरगा सकाळी नाक्यावर हेल्पर म्हणून का उभा असतो? हा प्रश्न घेऊनच मी आले होते.

माझ्यासोबत माझा एक जुना विद्यार्थी आणि त्याची अम्मी होती. मुलगा एकोणीस वर्षांचा. दहावी पास, मार्क बेताचे. दोन वर्षे आमच्याकडच्या एका ग्रिलच्या दुकानात काम करतो. हात चांगला आहे, असे दुकानदारही म्हणतो. अब्बांची तब्येत ठीक नसते, धाकटा भाऊ आठवीत आहे. एका एजंटने त्याला सांगितले होते, "सौदीत वेल्डर पाहिजेत. एक लाख वीस हजार द्या, रमजानच्या आधी पोरगा दम्मामला." बयाणा म्हणून दहा हजार गेलेही होते. उरलेल्या रकमेसाठी अम्मी आपल्या बांगड्या मोडायला निघाल्या होत्या. त्यांचे भाऊ, म्हणजे मुलाचे मामू, खांदा कॉलनीत राहतात आणि तळोज्यात एका ठेकेदाराकडे फोरमन आहेत. बांगड्या मोडण्याआधी एकदा मामूंना आणि या धंद्यातल्या जाणत्या माणसांना विचारू, एवढेच आमचे ठरले होते.

मामू आम्हाला आधी खांदा गावातल्या एका फॅब्रिकेशनच्या गाळ्यावर घेऊन गेले. मालक खेडकडचे, साठीला आलेले. चौदा वर्षे कुवेतमध्ये पाइप वेल्डर होते. परत आल्यावर हा गाळा घेतला. आम्हाला बाकड्यावर बसवून त्यांनी चहा मागवला आणि मुलाला विचारले, "काय काय करतोस बेटा?"

"चाचा, ग्रिल, गेट, जिना, शेड. सगळं करतो."

"कुठला रॉड वापरतोस?"

"तेरा नंबर."

तेरा नंबर म्हणजे ६०१३. गेट-ग्रिलच्या कामात सर्रास वापरतात तो रॉड, पटकन पेटतो, कुठल्याही मशीनवर चालतो. चाचांनी एका छोट्या भट्टीतून दुसरा रॉड काढला. हा ७०१८. यात हायड्रोजन कमी असतो, म्हणून सांधा मजबूत येतो. पण त्याला दमट हवा चालत नाही, गरम कोरडा ठेवावा लागतो. ओला रॉड वापरला तर सांधा नंतर आतून तडकू शकतो. कारखान्यात, पुलावर, जहाजावर असाच रॉड मागतात. मुलाने तो याआधी हातात धरला नव्हता.

चाचांनी जाड पट्टीचे दोन तुकडे इंग्रजी टी अक्षरासारखे टाके मारून जोडले आणि उभे करून दिले. म्हणाले, "खालून वर ये. एकाच बाजूने मार." मुलाने काच डोळ्यांवर घेतली. पाच मिनिटांत काम झाले. स्लॅग झाडल्यावर वरची रेघ चांगली दिसत होती. अम्मींच्या चेहऱ्यावर समाधान आले. चाचांनी तुकडा व्हाइसमध्ये आवळला आणि घणाचे तीन घाव घालून सांधा उलटा मोडला. आत, अगदी मुळाशी, काळी रेघ होती. तिथे लोखंड लोखंडाला मिळालेच नव्हते, मध्ये स्लॅग अडकला होता.

"रोटी वरून भाजली आहे, आतून कच्ची," चाचा म्हणाले. "गेटला हे चालतं. गेट पडलं तर पुन्हा जोडू. वाफेच्या पाइपला चालत नाही. तिथे माणूस मरतो."

मुलाचा चेहरा उतरला. चाचांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "हात चांगला आहे रे. तुझा हात हलत नाही, हे मोठं आहे. कुणी शिकवलं नाही, एवढंच. आणि तुला शिकवलं असतं तरी तुझ्याकडे कागद कुठे आहे?"

मग त्यांनी आम्हाला समजावून सांगितले. वेल्डरची परीक्षा असते ती पोझिशनची. पट्टी आडवी ठेवून वरून मारणे सोपे, त्याला वन-जी म्हणतात. उभ्या पट्टीवर आडवी रेघ ओढणे टू-जी, उभी रेघ थ्री-जी, आणि डोक्यावर, म्हणजे वितळलेले लोखंड अंगावर गळू न देता मारणे फोर-जी. मोबाइलच्या जी-शी याचा काही संबंध नाही. पाइप आडवा, न फिरवता जोडला की फाइव्ह-जी. आणि पंचेचाळीस अंशांत तिरका पाइप, जो हलवता येत नाही, वेल्डरलाच त्याच्याभोवती फिरावे लागते, तो सिक्स-जी. हा जमला की बाकीचे बहुतेक जमतात. म्हणून जाहिरातीत "सिक्स-जी वेल्डर पाहिजेत" असे लिहिलेले असते. शिवाय पद्धतही विचारतात, साधे आर्क, सीओटू म्हणजे मिग, की टिग? परीक्षेचा तुकडा वाकवून बघतात किंवा त्याचा एक्स-रे काढतात. डोळ्याला चांगले दिसले म्हणून कुणी पास होत नाही. आणि हा कागद कायमचा नसतो. अमेरिकन एएसएमई नियमांनुसार सहा महिने त्या पद्धतीचे काम केले नाही, तर पात्रता संपते आणि पुन्हा परीक्षा द्यावी लागते. बॉयलरचे काम करायचे तर भारतीय बॉयलर नियमांखालचे वेगळे प्रमाणपत्र लागते.

मामूंनी कारखान्याच्या गेटवरची गोष्ट सांगितली. "शटडाउन लागलं की आम्हाला एकदम चाळीस माणसं लागतात. गेटपास काढताना कंपनीचा माणूस विचारतो, वेल्डर की हेल्पर? वेल्डर लिहायचं तर सर्टिफिकेट दाखव आणि टेस्ट दे. ज्याच्याकडे नाही तो हेल्पर. मग तो आत जाऊन वेल्डिंगच करतो कधी कधी, पण हजेरी हेल्परची लागते. पगार हेल्परचा, आणि काही झालं तर कागदावर तो वेल्डर नव्हताच."

हे शेवटचे वाक्य अम्मींनी नीट ऐकले. कामगार म्हणून पगार कमी मिळणे एक वेळ सोसता येते. पण अपघात झाला तर कागदावर नसलेल्या कामाची भरपाई मागायची कुठे?

गाळ्यावरून निघालो आणि ठाणा नाक्याकडे आलो. तिथे, खांदा गावाच्या हद्दीत, अंजुमन-ए-इस्लामचे काळसेकर टेक्निकल कॅम्पस आहे. इंजिनिअरिंग, फार्मसी आणि आर्किटेक्चरचे शिक्षण देणारे हे संकुल २०११ साली सुरू झाले. पॉलिटेक्निकही तिथे आहे. १८७४ साली मुंबईत स्थापन झालेल्या अंजुमनचे काम आपल्या घराघरांत माहीत आहे, आणि काळसेकर हे नाव कोकणी मुस्लिमांना नवे नाही. फाटकातून मुले-मुली बाहेर पडत होती, गळ्यात ओळखपत्रे, हातात ड्रॉइंगच्या नळ्या. अल्लाहचे शुक्र आहे की आपल्या समाजाची अशी संस्था या नव्या शहरात उभी आहे.

आमचा विद्यार्थी फाटकाकडे बघत उभा राहिला. मी त्याच्या मनातले ओळखले. आपल्या घरांत दोनच वाटा बोलल्या जातात. मार्क चांगले असतील तर इंजिनिअर, नसतील तर दुबई. या दोन्हींच्या मधली वाट कुणी दाखवत नाही. पालकसभेत मी पन्नास वेळा ऐकले आहे, "टीचर, याचं डोकं चालत नाही, याला कुठे तरी कामाला लावतो." ज्याच्या डोळ्याला एक मिलिमीटरचा फरक कळतो आणि ज्याचा हात वितळलेल्या लोखंडावर स्थिर राहतो, त्याचे डोके चालत नाही असे कसे म्हणायचे?

मधली वाट आहे, आणि ती फार महाग नाही. शासकीय आयटीआयमध्ये वेल्डर हा ट्रेड एक वर्षाचा आहे. त्यासाठी आठवी पास असणे पुरते. दहावी नापास मुलगाही अर्ज करू शकतो. पनवेलला शासकीय आयटीआय आहे, रायगडच्या इतर तालुक्यांतही आहेत. प्रवेश ऑनलाइन होतो, राज्याच्या व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालयाच्या संकेतस्थळावर, दहावीच्या निकालाच्या सुमारास. फी खासगी क्लासच्या मानाने अगदी थोडी असते. काही शासकीय आयटीआयमध्ये अल्पसंख्याक समाजासाठी जादा तुकड्या आहेत, त्यांची चौकशी अर्ज भरतानाच करावी. वर्षाच्या शेवटी अखिल भारतीय परीक्षा होते आणि राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळते. ते देशात कुठेही चालते.

त्यापुढची पायरी शिकाऊ उमेदवारीची, ज्याला आपण अप्रेंटिस म्हणतो. १९६१ च्या कायद्यानुसार मोठ्या कारखान्यांना शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात आणि त्यांना विद्यावेतन द्यावे लागते. माझगाव डॉक, नौदलाच्या गोदीतली अप्रेंटिस शाळा, मध्य रेल्वेच्या परळ-माटुंग्याच्या कार्यशाळा, या सगळीकडे वेल्डरच्या जागा निघतात. रेल्वेच्या अप्रेंटिस भरतीत लेखी परीक्षा नसते, दहावी आणि आयटीआयच्या मार्कांवर यादी लागते. माझगाव डॉकच्या जाहिरातीत तर आठवी पास मुलांसाठीही रिगर आणि वेल्डरचा गट असतो, त्यासाठी वय मात्र लहान लागते. हे ऐकून अम्मी पटकन म्हणाल्या, "म्हणजे धाकट्यासाठी?" मी म्हटले, "हो. आठवी झाली की जाहिरातीवर लक्ष ठेवा." त्यांनी मोबाइलमध्ये नाव लिहून घेतले.

जे आधीच वर्षानुवर्षे काम करतात आणि वर्गात बसू शकत नाहीत, त्यांच्यासाठी पूर्वानुभवाला मान्यता देण्याची सोय आहे. सरकारच्या कौशल्य योजनेत तिला आरपीएल म्हणतात. थोडे प्रशिक्षण आणि चाचणी होऊन आधीच्या अनुभवावर प्रमाणपत्र मिळते. आयटीआयच्या प्रमाणपत्राची सर त्याला नाही, पण काहीच कागद नसण्यापेक्षा खूप बरे.

आता आखाताची गोष्ट. मामूंच्या घरी जेवणे झाली, जोहरची नमाज झाली, आणि अम्मींनी तोच विषय काढला. "एक वर्ष आयटीआयमध्ये गेला तर घर कसं चालायचं, टीचर? तिकडे गेला तर पहिल्या महिन्यापासून पैसे येतील." हा प्रश्न खोटा नव्हता. ज्या घरात पगार एकच आहे, तिथे एक वर्ष फार मोठे असते. आपल्या कोकणातल्या कितीतरी घरांच्या भिंती कुवेत, दुबई, दम्मामच्या पैशांनी उभ्या आहेत. तिकडे जाऊ नका, असे मी कधी म्हणणार नाही. पण कुठल्या दारातून जायचे, ते बघायलाच हवे.

आम्ही मामूंच्या मोबाइलवर परराष्ट्र मंत्रालयाचे ई-मायग्रेट संकेतस्थळ उघडले. १९८३ च्या इमिग्रेशन कायद्यानुसार परदेशी नोकरीसाठी माणसे पाठवणाऱ्या प्रत्येक एजंटला सरकारकडे नोंदणी करावी लागते, आणि नोंदणीकृत एजंटांची यादी तिथे पाहता येते. आमच्या एजंटचे नाव त्या यादीत नव्हते. नोंदणीकृत एजंट उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून जास्तीत जास्त तीस हजार रुपये आणि त्यावरचा जीएसटी घेऊ शकतो, आणि त्याची पावती द्यावी लागते. याने एक लाख वीस हजार मागितले होते, पावती न देता. मग मामूंनी व्हिसाचा कागद मागवला. मोबाइलवर फोटो आला. तो भेटीचा व्हिसा होता, कामाचा नव्हता. एजंट फोनवर म्हणाला, "तिकडे गेल्यावर बदलून देतो." मामूंनी फोन ठेवला. भेटीच्या व्हिसावर काम करणे हा तिकडे गुन्हा आहे. पकडला गेला तर दंड, कोठडी आणि परत पाठवणी, आणि कर्ज मात्र इथेच बसून राहते.

इथे आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती प्रत्येक घराला माहीत असावी. दहावी पास नसलेल्या माणसाच्या पासपोर्टवर ईसीआर असते. तो आखातासह अठरा देशांपैकी कुठेही कामाला निघाला तर सरकारी कार्यालय त्याचा करार तपासून मगच सोडते. दहावी पास झालेल्याला ही तपासणी लागत नाही. ही सोय म्हणून दिली आहे, पण खोट्या एजंटला तीच सोयीची पडते. आपला मुलगा दहावी पास असेल, तर त्याचा करार तपासणारे कुणी नाही, ते काम घरच्यांनीच करायचे. पगार किती, कामाचे तास किती, राहणे-जेवण कुणाचे, मालकाचे नाव काय, हे सगळे लेखी आणि निघण्याआधी हातात असले पाहिजे. ईसीआर पासपोर्टवर जाणाऱ्यांना प्रवासी भारतीय बीमा योजना सक्तीची आहे. दोन वर्षांसाठी २७५ रुपये, तीन वर्षांसाठी ३७५ रुपये हप्ता, आणि अपघाती मृत्यू किंवा कायमच्या अपंगत्वासाठी दहा लाखांचे संरक्षण. बाकीच्यांनीही विमा उतरवूनच जावे.

आणि आता तिकडचीही परीक्षा इथेच होते. सौदी अरेबियाने काही व्यवसायांसाठी व्हिसाआधी भारतातच कौशल्य चाचणी सुरू केली आहे. प्लंबर, इलेक्ट्रिशियन यांच्याबरोबर वेल्डरही त्यात आहे. म्हणजे जो सांधा चाचांच्या घणाखाली टिकला नाही, तो त्या चाचणीतही टिकला नसता. अम्मींनी हातातल्या बांगड्या मागे सारल्या आणि भावाला म्हणाल्या, "दहा हजार गेले तर गेले. बाकीचे वाचले." ते दहा हजार अजून परत मिळालेले नाहीत.

त्या संध्याकाळी ठरले ते असे. जूनपर्यंत मुलगा मामूंकडे राहून चाचांच्या गाळ्यावर काम करेल, रोजी मिळेल आणि ७०१८ शिकेल. प्रवेश सुरू झाले की पनवेलच्या आयटीआयचा अर्ज. आयटीआयच्या वर्षात सुट्टीच्या दिवशी आणि संध्याकाळी गाळ्यावर काम. घराला पैसे कमी पोचतील, पण बंद होणार नाहीत. चाचांनी एकच अट घातली, "काच आणि हातमोजे नसतील तर माझ्या गाळ्यात पाय ठेवायचा नाही."

ही अट आपल्या मुलांना कुणी घालत नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहिते. काच न लावता नुसते तोंड फिरवून टाके मारणारी मुले रोज दिसतात. रात्री डोळ्यांत वाळू गेल्यासारखे टोचते, पाणी गळते, घरचे लोक बटाट्याच्या चकत्या ठेवतात. ती आर्कच्या किरणांनी डोळ्याच्या पृष्ठभागाला झालेली भाजणी असते, डॉक्टरला दाखवावी. जस्ताचा मुलामा असलेल्या पाइपवर काम केल्यावर संध्याकाळी थंडी वाजून ताप येतो, तो जस्ताच्या धुराचा. दूध प्यायल्याने धूर निघून जातो, हा समज चुकीचा आहे. मोकळी हवा, पंखा आणि तोंडावर योग्य मास्क हाच इलाज. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१७ साली वेल्डिंगच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले आहे. मुलाच्या पहिल्या कमाईतून घरात मिठाई यावी, आणि त्याच्यासाठी चांगली काच, चामड्याचे हातमोजे आणि बूटही यावेत.

आपल्याकडे हाताच्या कामाला कमीपणा कुठून आला, हे मला कळत नाही. दीनमध्ये तर तो नाही. कुरआनात सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अलैहिस्सलाम) यांचा उल्लेख आहे. अल्लाहने त्यांच्यासाठी लोखंड मऊ केले, आणि चिलखत बनवताना कड्या बरोबर मापाने जोडण्याची ताकीद दिली. ते नबी होते, बादशाह होते, आणि हदीसमध्ये येते की ते स्वतःच्या हाताच्या कमाईवर जगत. लोखंड मऊ होणे ही अल्लाहची देणगी, पण कड्या मापात जोडणे हे माणसाचे काम. चाचांनी घण मारून मुलाला हेच तर दाखवले होते.

यासाठी फार काही करायला नको. प्रत्येक मशिदीच्या फलकावर नमाजच्या वेळांशेजारी आयटीआय प्रवेशाची तारीख आणि अप्रेंटिसच्या जाहिराती लावता येतील. जुम्याला इमाम साहेबांनी दोन मिनिटे सांगितले तर शंभर घरांत पोचेल. जमातीत एक शिकलेला तरुण असा असावा, जो कुणालाही ई-मायग्रेटवर एजंटचे नाव तपासून देईल. आखातातून परत आलेले चाचांसारखे कारागीर प्रत्येक मोहल्ल्यात आहेत, त्यांनी आठवड्यातून एक संध्याकाळ चार मुलांना शिकवली तर ती सदका-ए-जारिया ठरेल, इन्शाअल्लाह. आणि अम्मी-अब्बांनी, मुलगा "कामाला लागला" म्हणून निश्चिंत होण्याआधी, एवढेच विचारावे, बेटा, तुझ्या हजेरीवर काय लिहितात, वेल्डर की हेल्पर?